प्लॅटिनमच्या शेजारची जागा

चांदीला उजेड सोसत नाही. म्हणून तिच्या टेबलावरचा प्रत्येक चंबू ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला असे आणि टेबलावरचा दिवा बहुधा मालवलेला. प्रयोगशाळेतली माणसं तिला चांदीताई म्हणत. काही प्रेमानं, काही सवयीनं. इतकी वर्षं ती चांदीची संयुगं करत आली होती की उजव्या हाताच्या बोटांवरचे काळपट डाग आता कुठल्याच साबणाला दाद देत नसत.

ती संयुगं बुरशी मारण्यासाठी होती. शिळ्या पावावर उगवणारी बुरशी नव्हे. रुग्णालयातल्या, आजारानं आधीच खचलेल्या माणसाच्या रक्तात उतरणारी. तिच्यावरची औषधं मुळात मोजकी आणि त्यांतल्या बऱ्याचशांना ती आता भीक घालत नव्हती. म्हणून ही प्रयोगशाळा धातूंकडे वळली होती. धातूच्या अणूभोवती इतर रेणू शेजाऱ्यांसारखे बसवायचे, आणि अशा बिऱ्हाडासकट तो धातू बुरशीच्या पेशीत शिरला की काय उत्पात घडवतो ते पाहायचं. चांदी हा चांदीताईचा धातू. तिच्या आधी इथं तो कुणाचा नव्हता, आणि तिच्यानंतर कुणाचा होईल असं तिला वाटत नव्हतं.

खिडकीजवळच्या टेबलावर तिची भावजय बसे.

तिला इथं आणलं तेही चांदीताईनंच. धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा भावजय कुठल्याशा प्रयोगशाळेत कापडाच्या रंगांवर काम करत होती आणि कंटाळली होती. ‘मग आमच्याकडे ये की,’ असं चांदीताई एकदा जेवता जेवता बोलून गेली. तो एक उदार क्षण होता. असे क्षण माणसाला पुढे किती महागात पडतात, हे तेव्हा तिच्या गावीही नव्हतं. भावजय आली, तिनं प्लॅटिनम मागितलं, आणि ते तिला मिळालं. मग खिडकीजवळचं टेबल मिळालं, कारण प्लॅटिनमला उजेडाचं वावडं नव्हतं. मग प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांची रोजची चक्कर आधी खिडकीकडे वळू लागली आणि परतताना, वाटेत लागलं म्हणून, चांदीताईच्या अंधाऱ्या कोपऱ्याशी थबकू लागली.

मत्सर हा फार शिस्तीचा पाहुणा. आधी उंबऱ्याशीच घुटमळतो, आत आला तरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसतो. आणि मग एके दिवशी घरातले दिवे कधी लावायचे आणि कधी मालवायचे, हे तोच ठरवू लागतो. चांदीताईला तो आल्याचं कळलं तेव्हा त्याला ‘ऊठ’ म्हणण्याची वेळ टळून गेली होती. आधी भाऊ भावजयीकडे गेला. ते रीतसर होतं. मग आई गेली, ती मात्र कुणी न ओढता, आपल्या पायांनी. आता सर.

एका सुट्टीच्या दिवशी सगळी भावाकडे जेवायला बसली होती.

‘घरात दोन-दोन शास्त्रज्ञ,’ भाऊ म्हणाला, ‘आणि बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी माझ्यासमोर मांडी ठोकून बसलीय. काही लाज आहे की नाही?’

‘तिला की आम्हाला?’ भावजयीनं विचारलं.

‘तिला कशाला? ती आपलं काम चोख करतेय.’

‘हिची चांदी लाव थोडी,’ आई म्हणाली, ‘नाहीतर सूनबाईचं ते प्लॅटिनम. तेच जास्त चालतं म्हणे आता.’

‘कोण म्हणे?’ चांदीताईनं विचारलं.

‘अगं, तूच नाही का मागे म्हणालीस?’

म्हणाली होती खरी. मिठाची बाटली पुढे सरकवावी इतक्या सहज म्हणाली होती, आणि ते तसं म्हणता आल्याचा तिला दिवसभर अभिमान वाटला होता.

‘वन्संची चांदी नसती तर माझं प्लॅटिनम कुठून आलं असतं, आई?’ भावजय म्हणाली. ‘पद्धत सगळी त्यांची. मी फक्त धातू बदलला.’

हाच तर छळ होता. ती कपटी असती, तोंडानं गोड आणि मनानं कडू असती, तर चांदीताईच्या मत्सराला निदान न्यायाचा आधार मिळाला असता. पण ती आतबाहेर एकच होती. तिचा द्वेष करायला बसलं की द्वेष करणाऱ्यालाच आपल्या हातांचा वास यायचा.

त्या महिन्यात गोष्ट निकराला आली. दोन संयुगं उरली होती, एक चांदीचं आणि एक प्लॅटिनमचं, आणि उंदरांवरच्या चाचणीसाठी जागा एकाच संयुगाला होती. सरांनी ठरवलं की दोन्ही पुन्हा एकदा, एकाच दिवशी, एकाच बुरशीवर लावून पाहायची. रुग्णालयातून आलेल्या सर्वांत हट्टी बुरशीवर, आणि तीही रक्तद्रव मिसळून. नुसत्या पोषक पाण्यात चांदी वाघासारखी लढते. रक्तद्रव घातला की त्यातली प्रथिनं तिला बिलगतात आणि तिची अर्धी धार त्या मिठीतच जाते. तिला हे ठाऊक होतं. सरांनाही ठाऊक होतं. आणि तरीही त्यांनी रक्तद्रव म्हटलं, यात तिला खिडकीकडच्या उजेडाची तिरीप दिसली. तसं नव्हतं, रोग्याच्या अंगात रक्त असतंच. पण मत्सराला असल्या साध्या कारणांनी समाधान होत नाही.

चाचणी बुरशीमास्तरांच्या खोलीत व्हायची. हे गोलमटोल गृहस्थ सगळ्या बुरश्यांना ‘माझी पोरं’ म्हणत, आणि एखाद्या संयुगानं त्या मेल्या की मनापासून हळहळत. त्यांना पूड द्यायची नसे, द्रावण द्यायचं असे. ही पूड पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी ती एका दाटसर, रंगहीन द्रवात विरघळवायची. त्याला सगळे डीएमएसओ म्हणत, आणि प्रत्येक टेबलावर त्याची बाटली असेच. फक्त खिडकीजवळच्या टेबलावर नसे. डीएमएसओतल्या गंधकाची प्लॅटिनमवर फार दिवसांची नजर आहे. दोघं एका भांड्यात आले की तो हळूहळू प्लॅटिनमच्या शेजारी बसलेल्या एखाद्याला उठवतो आणि त्याच्या जागी स्वतः ठाण मांडतो. मग बाटलीवरचं नाव तेच राहतं आणि आत भलतंच नांदू लागतं. म्हणून भावजय आपली पूड डीएमएफ नावाच्या दुसऱ्या, प्लॅटिनमच्या वाटेला न जाणाऱ्या द्रवात विरघळवी.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

‘वन्सं, मी नाही हो येऊ शकत. पोर सकाळपासून कान धरून रडतेय, आणि हे बाहेरगावी. माझी पूड तेवढी विरघळवून मास्तरांना द्याल? फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहे.’

‘देते की. ताप आहे का तिला?’

‘ताप नाही. आत्याला बोलाव, आत्याला बोलाव, असं मात्र चाललंय.’

‘येते मी संध्याकाळी. सांग तिला.’

‘आणि वन्सं, माझं डीएमएफमध्ये हं. आपल्या नेहमीच्यात नको.’

‘माहीत आहे गं. तू पोरीकडे बघ.’

तिनं फोन ठेवला. भाचीविषयीचा तिचा कळवळा खरा होता. त्यात भेसळ नव्हती. माणसाच्या मनात एकाच वेळी किती खोल्या उघड्या असतात, आणि एका खोलीतल्या माणसाला शेजारच्या खोलीतलं कसं ऐकू येत नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. तेव्हा काही वाटलं नाही. तिनं फ्रीज उघडला, पिवळीधमक पूड तोलली, कुपीत घातली, आणि आपल्या टेबलावरची डीएमएसओची बाटली उचलली. इतक्या वर्षांत तिच्या हातानं हीच कृती इतक्यांदा केली होती की तो आज जे करत होता ते पाप आहे, हे त्याला सांगायला कुणी तरी हवं होतं. आणि सांगणारं कुणी नव्हतं. पूड विरघळली. द्रावण पिवळं झालं. मग तिनं ती कुपी, चांदी ठेवावी तशी, कागदात गुंडाळली आणि सकाळपर्यंत टेबलावर राहू दिली, म्हणजे गंधकाला घाई नको.

संध्याकाळी भाची तिच्या मांडीवर, दुखरा कान वर करून, झोपी गेली. भावजयीनं चहा आणून दिला. ‘तुम्ही आहात म्हणून बरं,’ ती म्हणाली. चांदीताईनं चहा घेतला, आणि तो घशाखाली उतरलाही.

निकाल सांगायला बुरशीमास्तर स्वतः आले. त्यांच्या हातात छोट्या छोट्या खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट होती. डावीकडून उजवीकडे औषध पातळ होत जायचं. खळगा गढूळ दिसला तर बुरशी वाढली, निवळ दिसला तर मेली.

‘ही तुमची चांदी,’ त्यांनी वरची ओळ दाखवली. सुरुवातीचे खळगे निवळ होते, आणि मग गढूळ. ‘रक्तद्रवानं दमवलं बिचारीला. तरी बरी लढली. आणि हे...’ त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते थेट उजव्या टोकापर्यंत सरकवत नेलं. ‘तुमच्या भावजयीनं माझी पोरं पार गारद केली हो ताई. एक म्हणून उरलं नाही. मागच्या वेळी एवढं नव्हतं. कुठला राग काढलाय तिनं?’

चांदीताईनं प्लेट उजेडाकडे धरली. खालची ओळ टोकापासून टोकापर्यंत काचेसारखी होती.

‘सराफाच्या पेढीवर दागिना पारखताय की काय?’ मास्तर हसले. ‘खरं आहे ते. दोनदा पाहिलंय मी.’

पुढचे दिवस विचित्र गेले. सर खूष होते, पण भावजय खूष नव्हती. तिनं पूड नव्यानं बनवली, स्वतः डीएमएफमध्ये विरघळवली, मास्तरांकडे दिली. आणि निकाल आला तो जुनाच. बरा, चांदीहून जरा सरस, पण त्या प्लेटच्या पासंगालाही पुरणारा नाही. तिनं पुन्हा बनवली. पुन्हा तेच. कारण न सांगता आलेल्या निकालावर उंदरांची चाचणी होत नाही, असं सरांनी सांगितलं. पुढच्या बैठकीपर्यंत उलगडा झाला नाही तर चांदी पुढे जाईल; तिची ताकद कमी असेल, पण तिच्या वागण्यात लपवाछपवी नाही.

‘तुमच्या हाताला गुण आहे, वन्सं,’ भावजय थकलेल्या आवाजात म्हणाली. ‘तुम्ही दिलं ते चाललं. माझ्या हातानं काही होत नाही.’

भावजय घरी गेल्यावर चांदीताईनं मास्तरांकडून परत आलेली ती कुपी कपाटातून काढली. तळाशी थोडं द्रावण उरलं होतं. पिवळा रंग विरून ते जवळजवळ पाण्यासारखं झालं होतं. ती कुपी घेऊन ती रेणूंची ओळख पटवणाऱ्या मोठ्या मशीनपाशी गेली. आणि पडद्यावर आलेखाचं एक एक शिखर उभं राहू लागलं तसं तिला दिसत गेलं. प्लॅटिनमच्या शेजारून क्लोरीन उठून गेला होता. त्याच्या जागी डीएमएसओ बसला होता. बुरशीला मारलं होतं ते भावजयीच्या संयुगानं नव्हे; त्याला मारण्यासाठी चांदीताईनं जे केलं होतं, त्यातून जन्मलेल्या दुसऱ्याच संयुगानं.

सगळं आयुष्य तिनं एका अशा गोष्टीची वाट पाहिली होती, जिच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल : ही माझी. ती आली होती, आणि चोरवाटेनं आली होती. तिला आपलं म्हणायचं तर ती कुठल्या दारानं आली तेही सांगायला हवं. आणि गप्प राहिलं तर चांदी पुढे जाणार होती, रक्तद्रवात अर्धमेली होणारी, पण तिची. खरं तर गप्प राहण्यात तिचा फायदाच फायदा होता. तिला आता हेवा वाटत होता तो स्वतःच्याच उजव्या हाताचा, ज्याला हे साधलं होतं आणि ज्याला ते कबूल करण्याचं ओझं नव्हतं.

बैठक सरांच्या खोलीत झाली. लांबट टेबल, फळ्यावर पुसट आकृत्या, खिडकीबाहेर उभ्या गाड्यांच्या काचांवर ऊन.

‘तर मग चांदी,’ सर म्हणाले. ‘कुणाचं काही म्हणणं?’

चांदीताईनं मान खाली घातली. जे हवं होतं ते तिच्या पदरात पडत होतं.

‘एक मिनिट, सर,’ भावजय म्हणाली. ती फळ्याकडे पाहत होती, आणि बोलत होती ती जणू स्वतःशीच. ‘पूड बदललेली नाही, मी तपासली. बुरशी तीच, मास्तरांचे हातही तेच.’

‘माझ्या हातांना बोल लावू नका बाई,’ मास्तर म्हणाले.

‘नाही लावत. पण मग बदललं काय? पूड आणि बुरशी यांच्या मधे काहीतरी आहे. मधे काय असतं?’ ती थांबली. ‘मधे पूड विरघळते...’

चांदीताईला तो विचार येताना दिसला. जिना चढून कुणी वर यावं तसा. पावलागणिक स्पष्ट, दाराच्या अधिकाधिक जवळ. आणखी एक पायरी, आणि तो भावजयीचा होणार होता. भाऊ तिचा झाला, आई तिची झाली, खिडकी तिची झाली. आता हेही, जे चांदीताईनं स्वतः, स्वतःच्या काळ्या बोटांनी केलं होतं, तेही हिचंच होणार. ते मात्र तिला सोसेना.

‘डीएमएसओ,’ ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. ‘मी डीएमएसओमध्ये विरघळवलं होतं. क्लोरीन गेला आणि तो बसला. मी मशीनवर पाहिलंय. हे नवीन संयुग आहे.’

भावजयीनं फळ्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

‘किती वेळ ठेवलं होतं?’ तिनं विचारलं.

‘सकाळपर्यंत.’

‘गरम करून?’

‘नाही. टेबलावरच.’

‘चुकून झालं हे, ताई?’ सरांनी मायेनं विचारलं.

तो शब्द टेबलावर तिच्यासमोर ठेवला गेला, सुटकेच्या दारासारखा. तिनं नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण चूक म्हटली की तो अपघात झाला, आणि अपघाताला धनी नसतो. ज्याची पूड त्याचं संयुग, असं म्हणून सगळे मोकळे झाले असते.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मुद्दाम.’

‘वा!’ सर पुढे झुकले. ‘म्हणजे तुम्हाला अंदाज होता तर! आणि हिला कसं सांगितलं नाहीत?’ ते भावजयीकडे वळले. ‘तुला बोलल्या नव्हत्या?’

भावजयीची दोनच वाक्यं पुरली असती. फोनवर काय ठरलं होतं, एवढंच सांगायचं होतं.

‘नाही सर,’ भावजय म्हणाली. ‘बोलल्या नव्हत्या.’

बैठक संपली तेव्हा ठरलं होतं की नवीन संयुग आता हेतूपूर्वक, मोठ्या प्रमाणात बनवायचं, आणि दोघींनी मिळून बनवायचं. दोघी आपल्या खोलीत परतल्या. भावजयीनं दार लावून घेतलं.

‘विष घालायला गेलात आणि औषध झालं,’ ती म्हणाली. ‘आता तुमचे आभार मानू की तुमच्याशी भांडू, तेवढं सांगा.’

‘भांड.’

‘ते तुम्हाला सोपं जाईल. मी भांडले की आपण फिट्टंफाट.’ ती दाराला पाठ लावून उभी राहिली. ‘माझी पोर तुमच्या मांडीवर झोपली होती त्या दिवशी. तेव्हा ती कुपी इथं टेबलावर होती?’

‘होती.’

‘आणि तुम्ही माझ्या हातचा चहा घेतलात.’

‘घेतला.’

‘का, वन्सं? माझं काय चुकलं?’

‘काही नाही,’ चांदीताई म्हणाली. ‘काहीच नाही. तेच.’

भावजय तिच्याकडे पाहत राहिली, समोर अनोळखी लिपीतली पाटी असावी तशी. मग तिनं डोळे पुसले आणि हातमोजे चढवले.

‘घरी यातलं अवाक्षर काढायचं नाही. आईंना ते झेपणार नाही, आणि ह्यांना कळलं तर ते तुमच्याकडेच येऊन रडतील. पूड मी तोलणार. तुम्ही तिला हात लावायचा नाही, आज नाही, पुढेही नाही. डीएमएसओ तुम्ही ओता. ते तुम्हाला जमतं.’

चांदीताई खिडकीजवळच्या टेबलाशी आली. त्या उजेडात तिला आपली बोटं फार काळी दिसली. भावजयीनं पूड तोलून मोठ्या चंबूत सोडली आणि बाजूला झाली. चांदीताईनं ओतलं. ढवळणारा छोटा चुंबक तळाशी गरगरू लागला, पूड विरघळली आणि चंबू पिवळा झाला. भावजयीनं या वेळी त्याला हलकी ऊब दिली, काम लवकर व्हावं म्हणून. दोघी उभ्या राहिल्या, दोघींच्या मधे एका माणसाची जागा सोडून.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पिवळेपणाच्या कडा सैल झाल्या. रंग फिका पडत चालला, इतका हळू की पाहताना कळू नये आणि नजर काढून पुन्हा पाहिलं की कळावं.

‘जातोय,’ भावजय पुटपुटली. ‘बघा, जातोय!’

ती चंबूवर वाकली होती. तिच्या चेहऱ्यावर आता ना चहा होता, ना कुपी, ना मांडीवर झोपलेली पोर. तिथं फक्त तो विरत जाणारा रंग होता, आणि त्याच्याकडे पाहणारं एक निखळ कुतूहल, ज्याला हे कुणाचं आहे हा प्रश्न शिवतही नव्हता. थोड्या वेळानं तिला सगळं पुन्हा आठवणार होतं आणि ती पुन्हा सरळ उभी राहणार होती. पण या क्षणी ती विसरली होती.

चांदीताईच्या संयुगाचा रंग चांदीताईच्या डोळ्यांदेखत उतरत होता. तिनं तिकडे पाहिलं नाही. ती भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि तिला तोच जुना, ओळखीचा हेवा वाटत होता; कारण एवढं विसरून नुसतं पाहता येणं, हे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.